करंगळी

पहिलं रक्त मास्तरांचं. कानाखाली, जबडा जिथे वळतो तिथे, तांदळाएवढा थेंब. दाढी करताना वस्तरा लागणं ही आमच्या दुकानात काही रोजची गोष्ट नाही, पण जगबुडीही नाही. तुरटी फिरवायची, कारागिराने ओशाळायचं, गिऱ्हाइकाने हसायचं, संपलं. मास्तर हसलेसुद्धा. म्हणाले, "काय रे, सासऱ्याचा राग माझ्या गालावर काढतोस की काय?" धाकट्याचं लग्नच झालेलं नाही, त्यामुळे विनोद आणखी रंगला आणि बाकावरचे सगळे खिदळले. धाकटा हसला नाही. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबाही तिकडेच बघत होते.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. दुकान वडिलांचं, आता त्याचं. मी गल्ल्यावर बसते, टॉवेल धुते, पाणी तापवते, बायकांचे आणि पोराटोरांचे केस कापते, आणि वाट बघून एखादं गिऱ्हाईक वैतागलं तर त्याच्याशी भांडते, तेवढाच त्याचा वेळ बरा जातो. वस्तरा मात्र मी कधी कुणाच्या गालाला लावलेला नाही. बाबांनी मला कात्री शिकवली, वस्तरा शिकवला नाही. "मुलीच्या हातात कोण गळा देणार?" असं म्हणाले होते. त्यावरून मी त्यांच्याशी किती दिवस अबोला धरला होता, पण बाबांपुढे अबोल्याचा काय उपयोग? त्यांना तो सोयीचाच वाटायचा.

बाबांचे वस्तऱ्याचे नियम होते. वस्तरा दुकानाबाहेर जायचा नाही. खुर्चीत माणूस नसेल तर तो उघडायचा नाही, म्हणजे दाखवायला, मिरवायला, गंमत म्हणून नाहीच नाही. आणि एकदा उघडला की दाढी पुरी झाल्याशिवाय मिटायचा नाही. हे नियम आम्ही लहानपणापासून इतके ऐकले होते की त्यात विचारण्यासारखं काही असेल असं कधी वाटलंच नाही.

मग एक दिवस बाबांनी काम सोडलं. अगदी अचानक. डोळे गेले म्हणाले, आणि ओठावर मिसरूड फुटलं न फुटलं अशा धाकट्याला खुर्चीमागे उभं केलं. डोळे गेलेले बाबा वर्तमानपत्रातलं बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचायचे. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर असे अंगावर आले की पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे काही वर्षांनी त्यांना झटका आला. डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिला एकच शब्द, "पुढे". एकाची दाढी झाली की दुसऱ्याला बोलावताना आयुष्यभर ते तेवढं एकच ओरडले होते, तेच जिभेला चिकटून राहिलं. भूक लागली, पुढे. उकडतंय, पुढे. मला शिवी द्यायची असली तरी पुढे.

आता वस्तरा धरायचा कसा ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंगठा आणि पहिली बोटं पात्याच्या मानेवर, आणि करंगळी मागच्या बारीक शेपटीवर सरळ टेकलेली. सगळा तोल त्या करंगळीवर. धाकटा शिकत होता तेव्हा त्याची करंगळी जरा मुडपली की बाबा लाकडी कंगवा तिच्या सांध्यावर हाणायचे. बाकी चुका माफ होत्या. फेस डोळ्यात गेला तरी माफ. करंगळी मुडपली की कंगवा. तिच्या सांध्यावर आजही गाठ आहे.

मास्तरांनंतर काही दिवसांनी दुकान बंद करताना धाकटा म्हणाला, "ताई, जरा खुर्चीत बस."

"मला कुठे दाढी आलीय?"

"बस गं. माणूस लागतो ना खुर्चीत."

मी बसले. त्याने वस्तरा उघडला आणि माझ्या गळ्याशी आणला, टेकवला नाही. आरशात मला त्याचा हात दिसत होता. आधी काही नाही. मग करंगळी हळूहळू आत वळली, तिच्यामागून तिच्या शेजारचं बोट वळलं, आणि मग आख्खं मनगट आत फिरलं. बाहेर नाही, आत. माझ्या गळ्याकडे. त्याने डाव्या हाताने उजवा हात धरला आणि जोर लावून मागे ओढला, कुणा दुसऱ्याचा हात धरावा तसा.

"मी करत नाहीये, ताई," तो म्हणाला. "तुझी शपथ."

माझा स्वभाव असा की घाबरले की मी ओरडते. "रात्री जागतोस, चहा ढोसतोस, मग दुसरं काय होणार?" असं बरंच काही बोलले. तो ऐकून घेत वस्तरा पुसत राहिला. मजा म्हणजे पुसताना तो हात अगदी शहाण्यासारखा चालत होता.

तिथून आमचं दवाखान्यांचे उंबरठे झिजवणं सुरू झालं. एक ठरलं होतं, की नेमकं काम सांगायचं नाही. दाढी करणाऱ्याचा हात गळ्याकडे वळतो ही गोष्ट गावभर झाली तर दुकानात कुत्रंही फिरकणार नाही. त्यामुळे धाकटा सगळ्यांना सांगायचा, "दुकान आहे. काम करताना हात वळतो." बिचारे डॉक्टर समजायचे, हा वाण्याच्या दुकानात तराजू उचलत असेल.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने हात पुढे करायला लावला. हात दगडासारखा स्थिर. पेला उचलायला लावला, सही करायला लावली, शर्टाचं बटण लावायला लावलं. "अहो, हा तर माझ्या हातापेक्षा बरा आहे," म्हणाला, आणि ताकदीची इंजेक्शनं टोचली. ताकद आली, पण ती बहुधा करंगळीतच आली. मग हाडांचा डॉक्टर. त्याने मानेचे फोटो काढले, मणक्यात बोट दाखवून काहीतरी झिजलंय म्हणाला आणि गळ्यात पट्टा अडकवला. तो पट्टा घालून धाकटा लोकांचे केस कापायचा, तेव्हा एकजण म्हणाला, "मान माझी वाकवायची आहे ना रे, मग तुझी का बांधलीस?" मग नसांचा डॉक्टर. त्याने हातभर सुया टोचून वीज सोडली. धाकटा दात चावत बसला. शेवटी डॉक्टर खूश होऊन म्हणाला, "एक नंबर नसा आहेत. काळजी सोडा, जाऊन झोपा."

आम्ही तिघांवरही विश्वास ठेवला, याचं मला अजून नवल वाटतं. प्रत्येक वेळी परत येताना वाटायचं, झालं, सापडलं. धाकटा वाटेत शीळसुद्धा घालायचा. मग सकाळी वस्तरा उघडायचा आणि शीळ बंद.

शेवटी कुणीतरी मनाच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. माणूस गोड होता, हे मी कबूल करते. मऊ खुर्च्या, मऊ आवाज. मला बाहेर बसवलं. तिथे काय झालं ते धाकट्याने नंतर सांगितलं. डॉक्टरने विचारलं, हात वळतो तेव्हा समोर कोण असतं? धाकटा म्हणाला, कुणीही, पण वडील असले की जास्त. वडील कसे होते? धाकट्याने कंगव्याची गोष्ट सांगितली. डॉक्टर बराच वेळ मान हलवत राहिला, मग म्हणाला, "काही गोष्टी आपण तोंडाने बोलत नाही. त्या हात बोलतो."

हे वाक्य धाकट्याच्या डोक्यात जे शिरलं ते तिथेच मुक्काम ठोकून बसलं. त्याने गिऱ्हाइकांच्या दाढ्या बंद केल्या. "फक्त केस," अशी पाटी लावली. कात्री धरली की हात सोन्यासारखा चालायचा, तिथे काही अडचण नव्हती. पण लोकांना दोन्ही एका खुर्चीत हवं असतं. बाक रिकामा राहायला लागला. मास्तर समोरच्या रस्त्यावरून, पलीकडची बाजू धरून जायला लागले.

एकच दाढी उरली, बाबांची. ती टळत नव्हती. मी मशीन आणून बघितलं, तर बाबांनी तोंड फिरवलं. साधं घरगुती रेझर घेऊन मी स्वतः पुढे गेले, तर उजव्या हाताने माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. वस्तराच हवा, आणि धाकट्याच्याच हातून हवा. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते खुर्चीत बसायचे, मान मागे टाकायचे आणि गळा वर करायचे. दाढी करून घेताना माणसं डोळे मिटतात, बाबा मिटायचे नाहीत. नाकाच्या शेंड्यावरून खाली, धाकट्याच्या हाताकडे बघत राहायचे. मला वाटायचं, हा म्हातारा पोरावर पहारा ठेवतोय. याला कळलंय.

आणि खरं सांगायचं तर पहारा मीही ठेवायला लागले होते. टॉवेल घेऊन धाकट्याच्या कोपरापाशी उभी राहायची, वेळ आली तर हात धरता यावा म्हणून. आधी मी हाताकडे बघायची. मग तोंडाकडे बघायला लागले. त्या गोड डॉक्टरचं वाक्य मलाही चावलं होतं. माझा सख्खा भाऊ, ज्याने कधी झुरळ मारलं नाही, चपलेने हाकलून द्यायचा, त्याच्या तोंडाकडे बघून मी ठरवत होते की हा बापाचा गळा कापेल की नाही. काही सकाळी मला वाटायचं, कापेल.

एका सकाळी तो हात वळला आणि थांबला नाही.

मी झेप घेतली, पण उशीर झाला. हनुवटीखाली बोटभर लाल रेघ उमटली आणि फेसात उतरली. फार खोल नव्हती, ते नंतर कळलं. त्या क्षणी फक्त पांढऱ्यातला लाल दिसत होता. धाकट्याचा चेहरा राखेसारखा झाला. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी उजव्या हाताने धाकट्याचं मनगट पकडलं, वस्तरा पुन्हा आपल्या गळ्याशी आणला आणि म्हणाले, "पुढे."

"बाबा, सोडा."

"पुढे!"

धाकट्याने हिसडा देऊन हात सोडवला, वस्तरा जमिनीवर टाकला, उघडाच, आणि रस्त्यावर पळाला. मी तुरटी दाबून धरली आणि बाबांना काय वाट्टेल ते बोलले. तुम्हाला मरायचं असेल तर खुशाल मरा, पण त्याच्या हातून का? त्याला फासावर चढवायचंय का? बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं तुरटीची आग होत असेल.

दुपार टळली तरी धाकटा परतला नाही. मग पलीकडच्या गल्लीतला सुतार स्वतः आला, हात भुशाने माखलेले. हळू आवाजात म्हणाला, "ताई, भाऊ माझ्याकडे बसलाय. येऊन घेऊन जा."

"बसू दे की. डोकं थंड होईल."

"तसं नाही." त्याने मागे वळून बघितलं. "मघापासून चालू करवतीकडे बघतोय. उजव्या हाताची बाही वर केलीय. मी बटण बंद केलं, तर म्हणाला, चालू कर, माझं काम आहे."

मी चप्पल न घालता धावले. धाकटा स्टुलावर बसला होता, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, हात मांडीवर. मला बघून म्हणाला, "हा हातच नको, ताई. डाव्याने मी बाबांना भरवेन. पण हा नको." मी त्याच्या एक मुस्काटात मारली आणि मग त्याचं डोकं पोटाशी धरून रडले. सुताराने दुसरीकडे तोंड केलं आणि उगीचच एका फळीला रंधा मारत राहिला.

त्या दिवसापासून धाकट्याने हार मानली. दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायचा. म्हणून मी ठरवलं, आता हे माझं काम. आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तोंडाचं कुलूप काढलं. येईल त्याला सांगायला लागले. दुकान तसंही बसलंच होतं, आता लपवायचं काय? माणसं ऐकून घ्यायची, चुकचुकायची, आणि केस न कापताच निघून जायची. एकाने तांब्याचं कडं सुचवलं, एकाने चुंबक. मी दोन्ही आणली. एका मालीशवाल्याने धाकट्याचा हात असा चोळला की आठवडाभर कात्रीही धरता येईना. नाकी नऊ आले तरी मी विचारत राहिले.

एक दिवस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक गृहस्थ केस कापायला बसला. धाकट्याने मानेवरची लव मशीनने काढली, तर तो म्हणाला, "वस्तऱ्याने नाही करत?" मी गल्ल्यावरून सगळं सांगून टाकलं. आता हाही उठून जाणार म्हणून मी तयारीत होते. तो उठला नाही. त्याने कापडाखालून आपला डावा हात बाहेर काढला.

"हे बोट बघा. जेवायला चालायचं, पत्ते पिसायला चालायचं. क्लॅरिनेट तोंडाला लावलं की मुडपायचं. तीन डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही. चौथीने विचारलं, वाद्य कुठे आहे?"

धाकट्याच्या हातातली कात्री थांबली.

"कोण चौथी?" मी विचारलं.

मोठ्या सरकारी इस्पितळात, वरच्या मजल्यावर, जिथे लिफ्ट पोचत नाही, तिथे एक डॉक्टरीणबाई बसायची. तिला गाठणं म्हणजे दिव्य होतं. पहिल्यांदा गेले तर मला हाडांच्या विभागात पाठवलं. पुन्हा गेले तर ती रजेवर. पुन्हा गेले तर दारावरचा शिपाई म्हणाला, आधी नसांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. मी त्याला म्हटलं, चिठ्ठी नाही, भाऊ आहे, आणि तो जिवंत आहे तोवर त्याला कुणीतरी बघावं एवढीच इच्छा आहे. मी इतक्या मोठ्याने म्हटलं की बाई स्वतः दार उघडून बाहेर आल्या. ठेंगण्या, पिकलेले केस, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. धाकट्याला मी जवळजवळ ओढतच नेलं.

बाईंनी विचारलं, "काय काम करता?"

"दुकान आहे," धाकटा म्हणाला.

"दाढ्या करतो," मी म्हटलं. "वस्तरा गळ्याशी नेला की हात वळतो. एरवी नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि वस्तरा?"

"वस्तरा दुकानाबाहेर नेत नाही आम्ही," धाकटा म्हणाला. "वडिलांचा नियम आहे."

"म्हणजे हात घेऊन इतके दवाखाने फिरलात, आणि हात जिथे बिघडतो ती वस्तू घरी ठेवून?" बाई रागावल्या नव्हत्या, पण मला शरमेने खाली बघावंसं वाटलं. "पुढच्या वेळी घेऊन या. पातं काढून. आणि ज्यांच्या वेळी जास्त वळतो, त्यांनाही आणा."

घरी येऊन मी बाबांसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं, वस्तरा दुकानाबाहेर जाणार आणि तुम्हीही. मला वाटलं होतं आता भांडं फेकून मारतील. बाबांनी उजव्या हाताने आपल्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्यांना धुतलेला सदरा हवा होता.

ठरलेल्या दिवशी इस्पितळात सुतार आणि धाकट्याने मिळून बाबांना खुर्चीसकट वर चढवलं. खोलीत बाईंनी खिडकीचा पडदा सारला, चांगला उजेड केला. धाकट्याने पातं काढलेला वस्तरा उघडला. बाबांनी सवयीने मान मागे टाकली. आणि हात वळला. करंगळी, शेजारचं बोट, मनगट, आत, गळ्याकडे. बाई वाकून बघत होत्या. त्यांनी वस्तरा काढून पेन दिलं, हात सरळ. पुन्हा वस्तरा, हात आत.

"घरात आणखी कुणाला असं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही," धाकटा आणि मी एकदमच म्हणालो.

"पुढे," बाबा म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि आपला जुना वस्तरा काढला. हाडाच्या मुठीचा, कित्येक वर्षांत कुणी न बघितलेला. अंगठ्याने उघडला. त्याला पातं होतं, डागाळलेलं, पण होतं. त्यांनी तो आपल्याच गळ्याकडे नेला. धाकटा किंचाळला. मी त्यांच्या हातावर झडप घालणार तेवढ्यात बाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "थांबा. बघू द्या."

वस्तरा गळ्यापासून वीतभर अंतरावर आला आणि बाबांची करंगळी हळूहळू आत वळली. मग शेजारचं बोट. मग मनगट. अगदी तसंच, तसूभरही फरक नाही. बाबा त्या हाताकडे बघत होते, आणि दाढीच्या खुंटांतून पाणी ओघळत होतं. या वेळी तिथे तुरटी नव्हती.

बाईंनी वस्तरा अलगद काढून घेतला, मिटला आणि खिडकीत ठेवला. म्हणाल्या, "हा आजार आहे. मेंदू एका कामापुरते हाताला चुकीचे हुकूम देतो. कुणाकुणाच्या घरात पिढ्यांमधून चालत येतो. इंजेक्शनने त्या बोटांची ओढ कमी करता येते, मग हाताला पहिल्यापासून शिकवायचं. पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. पण चालेल."

धाकट्याला त्यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. तो म्हणाला, "म्हणजे मला बाबांना मारायचं नव्हतं?"

"नाही."

"मनातसुद्धा नाही?"

"मनाचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या, आणि धाकटा जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी असा संताप आला की कानशिलं तापली. म्हणजे डोळे कधीच गेले नव्हते. म्हणजे बाबांना ठाऊक होतं, कंगवा हाणत होते तेव्हापासून ठाऊक होतं. पोरगा दारोदार हात दाखवत फिरला, गळ्यात पट्टा बांधून घेतला, करवतीपुढे बसला, आणि हा माणूस रोज सकाळी त्याच हाताखाली गळा देत राहिला. घरी येताना गाडीत मी विचारलं, "वाचा होती तेव्हा का नाही सांगितलंत?"

धाकट्याला इंजेक्शन दिलं. बोटं सैल पडली, पेला निसटायला लागला. बाईंनी सांगितलंच होतं, आधी असं होणार. वस्तऱ्याला इतक्यात हात लावायचा नाही. तो सकाळी रबराचा चेंडू दाबत बसतो आणि पुन्हा शीळ घालतो. बाबांची दाढी वाढत गेली.

मग एका सकाळी बाबा दुकानाच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी फेस केला. नवं पातं घातलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना बघून हाताला सगळं पाठ होतं. त्यांनी मान मागे टाकली, गळा वर केला. जखमेची रेघ अजून पुसली नव्हती. वस्तरा टेकवला तसे त्यांचे डोळे खाली आले, आणि तेव्हा मला समजलं की ते कधीच धाकट्यावर पहारा ठेवत नव्हते. रोज सकाळी ते त्याची करंगळी बघायचे, आज तरी सरळ राहते का म्हणून.

"माझीही वळेल म्हणून मला शिकवलं नाहीत?" मी विचारलं. "मुलगी म्हणून नाही?"

बाबांचे ओठ हलले. "पुढे," ते म्हणाले, अगदी हळू.

धाकट्याच्या हातातला चेंडू थांबला होता. आरशातून तो आमच्याकडे बघत होता. वस्तरा उघडलेला होता, त्यामुळे दाढी पुरी करणं भाग होतं. मी एक गाल केला, दुसरा केला, मग गळ्यावर आले. माझी करंगळी सरळ होती. सगळा वेळ आम्ही तिघंही तिच्याकडेच बघत होतो.